मोटुल आरबीएफ ६००: रोजच्या मोटरसायकलला ३१२ अंश कशाला?

मोटुलच्या फॅक्टरी लाइनमधलं आरबीएफ ६०० हे रेसिंगसाठी बनवलेलं ब्रेक फ्लुइड. अर्ध्या लिटरची बाटली आणि उत्कलनांक ३१२ अंश सेल्सिअस. ट्रॅकवर गाडी पळवणाऱ्यांत त्याचं नाव आहे आणि ते नाव कमावलेलं आहे. गंमत अशी, की आता ते रोज कामावर जाणाऱ्या साध्या गाड्यांमध्येही पडतं आणि टाकणाऱ्याच्या मनातला हिशेब असा असतो: एवढं भारी फ्लुइड घातलं, आता चार-पाच वर्षं झाकण उघडायला नको. फ्लुइड म्हणून आरबीएफ ६०० मध्ये खोट काढता येत नाही. हा हिशेब मात्र पूर्ण चुकीचा आहे. मोटरसायकलचं ब्रेक फ्लुइड दर दोन वर्षांनी बदलायचं असतं आणि बाटली कितीही महागडी असली तरी ही मुदत एका महिन्यानेही वाढत नाही.

आधी आकडे नीट वाचू. अमेरिकेच्या एफएमव्हीएसएस ११६ या मानकात प्रत्येक डॉट श्रेणीला, म्हणजे ब्रेक फ्लुइडच्या दर्जाला, दोन किमान उत्कलनांक दिलेले आहेत. कोरडा म्हणजे सीलबंद बाटलीतून नुकत्याच काढलेल्या फ्लुइडचा. ओला म्हणजे त्यात साधारण ३.७ टक्के पाणी मुरल्यानंतरचा. डॉट ३ साठी हे आकडे २०५ आणि १४०, डॉट ४ साठी २३० आणि १५५, डॉट ५.१ साठी २६० आणि १८०. आरबीएफ ६०० श्रेणीने डॉट ४ च आहे. त्याचा कोरडा आकडा ३१२ आणि ओला सुमारे २०५. म्हणजे ज्या ३१२ वर बाटली खपते, तो आकडा सील फोडल्याच्या दिवसापुरता खरा. त्यानंतर तो रोज थोडा थोडा खाली येतो. रस्त्यावरच्या माणसाने पाहायचा तो २०५. तोही चांगलाच आहे. साध्या डॉट ४ च्या किमान मर्यादेपेक्षा तब्बल ५० अंश वर.

मग हे ५० अंश कोणाला लागतात? लांब उतारावर, मागे माणूस आणि सामान घेऊन, इंजिन ब्रेकिंग न वापरता सतत ब्रेक दाबून उतरणाऱ्याला लागू शकतात. ट्रॅकवर जाणाऱ्याला तर लागतातच. शहरात सिग्नल ते सिग्नल चालणाऱ्या गाडीचं कॅलिपरमधलं (चाकापाशी डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागातलं) फ्लुइड १५५ च्या आसपासही सहसा जात नाही. अशा गाडीत ताजं साधं डॉट ४ आणि ताजं आरबीएफ ६०० यांतला फरक लिव्हरवर ओळखू येणार नाही. नवं घातल्यावर ‘ब्रेक एकदम कडक झाला’ असं जे वाटतं, ते जुन्या फ्लुइडबरोबर हवेचे बुडबुडे बाहेर गेल्यामुळे. श्रेय बाटलीला जातं, काम केलेलं असतं पान्याने.

पाणी आत येतं कुठून, हे कळलं की दोन वर्षांचा नियमही कळतो. ग्लायकॉलवर आधारलेलं फ्लुइड हवेतली ओल ओढून घेतं. हँडलवरच्या ब्रेक फ्लुइडच्या टाकीच्या झाकणाखाली रबरी पडदा असतो आणि त्याच्या वरच्या बाजूला हवेला वाट असते, म्हणजे पॅड झिजून पातळी खाली गेली की पडदाही खाली सरकू शकतो. त्या पडद्याच्या कडेतून थोडी ओल शिरते. जास्त ओल शिरते ती कॅलिपरकडे फ्लुइड नेणाऱ्या रबरी होसच्या भिंतीतून, रेणू रेणू करत. होस कुठेही चिरलेला नसला तरी हे चालू असतं. गाडी उभी असली तरीही चालू असतं, म्हणूनच मुदत किलोमीटरमध्ये न देता वर्षांत देतात. वर्षात दोन हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीला सूट नाही. उलट दमट जागी, आच्छादनाखाली महिनोन्‌महिने उभ्या असलेल्या गाडीचं फ्लुइड धावत्या गाडीपेक्षा चांगलं असेल असं मानायला काहीच आधार नाही.

यामाहा, कावासाकी, सुझुकी यांच्या पुस्तिकांत वर्षानुवर्षं हेच छापलेलं आहे: फ्लुइड दर दोन वर्षांनी, रबरी होस दर चार वर्षांनी. यामाहा तर फ्लुइडबरोबर मास्टर सिलिंडर (लिव्हर दाबल्यावर फ्लुइडला दाब देणारा भाग) आणि कॅलिपरचे आतले सुटे भागही दोन वर्षांनी बदला म्हणते. प्रत्यक्षात ते फार थोडे लोक करतात, पण होसचा चार वर्षांचा नियम तरी पाळावा. बीएमडब्ल्यूच्या वेळापत्रकात पहिला बदल एका वर्षानंतर आणि पुढे दर दोन वर्षांनी. आपल्या गाडीच्या पुस्तिकेत वेगळी मुदत असेल तर ती प्रमाण मानावी, पण ती ओलांडायला फ्लुइडची श्रेणी हे कारण चालत नाही.

पाणी मुरलेलं फ्लुइड दोन प्रकारे त्रास देतं. पहिला सर्वांना माहीत असलेला: कॅलिपर तापतो, आतलं पाणी-मिश्रित फ्लुइड उकळतं, वाफेचा फुगा तयार होतो. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. त्यामुळे लिव्हर दाबला की तो विनातक्रार हँडलला टेकतो आणि ब्रेक लागत नाही. गाडी थांबवून दहा-पंधरा मिनिटं गेली की वाफ पुन्हा द्रव होते, लिव्हर पहिल्यासारखा घट्ट लागतो. मेकॅनिककडे नेली तर ‘काही नाही, ठीक आहे’ असंच उत्तर मिळणार. उतारावर लिव्हर मऊ पडला आणि थंड झाल्यावर परत आला, तर तपासत बसू नये. फ्लुइड बदलावं आणि एखादा पिस्टन चिकटून पॅड डिस्कला घासत राहत नाही ना, तेवढं पाहावं.

दुसरा त्रास गुपचूप होतो आणि रोजच्या गाडीसाठी मला तोच जास्त महत्त्वाचा वाटतो. फ्लुइडमध्ये गंज रोखणारी द्रव्यं मिसळलेली असतात आणि ती कालांतराने खर्च होतात. मग आतल्या धातूवर गंज चढायला लागतो. कॅलिपरमध्ये पिस्टनच्या सीलच्या खाचेत अ‍ॅल्युमिनियमचा पांढरा क्षार साचतो, सील पिस्टनवर आवळलं जातं आणि पिस्टन मागे सरकेनासा होतो. मास्टर सिलिंडरमध्ये टाकीच्या तळाशी दोन छिद्रं असतात, त्यातलं एक सुईच्या टोकाएवढं. लिव्हर सोडल्यावर तापून फुगलेलं फ्लुइड त्या छिद्रातून टाकीत परततं. तळाशी साचलेल्या जेलीसारख्या गाळाने ते छिद्र बुजलं, की दाब आत अडकतो आणि ब्रेक लावलेलाच राहतो. चाक जड फिरतं, डिस्क तापते, फ्लुइड आणखी तापतं. एबीएसच्या (चाक जॅम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) मॉड्युलेटरमध्ये, म्हणजे ब्रेकचा दाब कमी-जास्त करणाऱ्या भागात, तर झडपा फारच बारीक असतात.

याचं ठळक उदाहरण नोंदीत आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये हार्ले-डेव्हिडसनने एबीएस असलेल्या २००८ ते २०११ च्या टूरिंग, सीव्हीओ टूरिंग आणि व्हीआरएससी गाड्या परत बोलावल्या. एकट्या अमेरिकेत सुमारे पावणेदोन लाख. कारण हे, की डॉट ४ फ्लुइड पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे दर दोन वर्षांनी न बदललेल्या गाड्यांत एबीएसच्या झडपांवर थर जमून ब्रेक निकामी होण्याचा धोका होता. उपाय काय होता? जुनं फ्लुइड पूर्ण काढून नवं डॉट ४ भरणं. या बिघाडाचा उत्कलनांकाशी काहीही संबंध नव्हता. तिथे ३१२ अंशांचं फ्लुइड सात वर्षं ठेवलं असतं तरी ते उपयोगी पडलं असतं असं म्हणता येत नाही.

आरबीएफ ६०० ची एक बाजू जाहिरातीत येत नाही: थंडीत ते दाट असतं. उणे ४० अंशांवर डॉट ४ ला १८०० पर्यंतची श्यानता, म्हणजे दाटपणा, चालते (एकक सेंटिस्टोक्स), डॉट ५.१ ला ९०० पर्यंतच. रेसिंग फ्लुइड बहुधा वरच्या मर्यादेजवळ असतात, हेही त्यातलंच. उष्ण हवेत याने काही बिघडत नाही. कडाक्याच्या थंडीत, आणि तेही आधुनिक एबीएस व ट्रॅक्शन कंट्रोल असलेल्या गाडीत, बारीक झडपांतून पटापट वाहणारं पातळ फ्लुइड बरं. अशा गाडीला आयएसओ ४९२५ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या क्लास ६ मधलं डॉट ४ पाहावं. त्याला कोरडा २५०, ओला १६५ आणि उणे ४० वर कमाल ७५० अशी अट असते. रोजच्या एबीएस गाडीसाठी माझी पहिली पसंती क्लास ६ ला आहे, रेसिंग फ्लुइडला नाही.

आणि खरोखर ओल्या आकड्यासाठीच खर्च करायचा असेल तर तुलना कॅस्ट्रॉल एसआरएफशी करावी लागते. सिलिकॉन एस्टरवर आधारलेल्या त्या फ्लुइडचा ओला उत्कलनांक २७० आहे, म्हणजे आरबीएफपेक्षा ६५ अंश वर. ते घरातल्या गाडीसाठी फारच झालं, पण ‘जास्त टिकणारं’ म्हणून आरबीएफ घेणाऱ्याने निदान हे माहीत असू द्यावं. अर्थात गंजाचं गणित तिथेही बदलत नाही.

रंगावर विसंबू नका. नवं फ्लुइड फिकट पिवळसर असतं, जुनं तपकिरी होतं, हे खरं. पण रंग रबराच्या सीलमुळे आणि उष्णतेमुळेही बदलतो, आणि स्वच्छ दिसणाऱ्या फ्लुइडमध्येही पाणी पुरेसं असू शकतं. काळं पडलेलं असेल तर बदला, फिकट असेल तर तारीख पाहा. पेनासारखे दिवे लागणारे टेस्टरही मिळतात. ते फ्लुइडची विद्युतवाहकता मोजतात, उत्कलनांक नाही. वाहकता फ्लुइडच्या घडणीप्रमाणे वेगवेगळी असते, शिवाय पेन बुडतं टाकीत आणि तापतो तो कॅलिपर. नमुना प्रत्यक्ष तापवून उकळणारे टेस्टर काही वर्कशॉपमध्ये असतात, त्यांचं उत्तर विश्वासार्ह. पेनवर पैसे घालवण्यापेक्षा बदलल्याची तारीख मार्करने टाकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा.

आता प्रत्यक्ष बदलायचं कसं, आणि या बाटलीबरोबर कुठे घोळ होतो ते.

एका डिस्कच्या पुढच्या ब्रेकला साधारण ७० ते १०० मिली, दोन डिस्कच्याला १५० च्या आसपास, मागच्याला ५० ते ८० मिली पुरतं. म्हणजे बहुतेक गाड्यांचं काम पाव लिटरमध्ये होतं. आरबीएफ ६०० ची बाटली अर्ध्या लिटरची. उरलेलं पुढच्या वेळी वापरू म्हणून ठेवलं तर दोन वर्षांनी त्या उघड्या बाटलीतलं फ्लुइड ताजं राहिलेलं नसतं. या उत्पादनाची एका गाडीच्या मालकासाठी सर्वांत मोठी अडचण हीच. दोन-तीन गाड्यांचं काम एका दिवशी काढलं तर बाटली वसूल.

हत्यारं थोडी लागतात. निपलसाठी (कॅलिपरवरचा, फ्लुइड बाहेर काढायचा पोकळ स्क्रू) बहुधा ८ मिलिमीटरचा रिंग पाना, काही कॅलिपरना १० किंवा ११ चा. ओपन एंड पाना लावू नये, निपल पोकळ असतो आणि कोपरे घासले की मोठं काम वाढतं. आतून ५ मिलिमीटरची पारदर्शक नळी, मापाच्या रेघा असलेली रिकामी बाटली, सुई काढलेली सिरिंज, भरपूर चिंध्या आणि पाण्याचा फवारा. फ्लुइड रंगावर पडलं की रंग फुगवून उचलतं. पुसत बसलं तर ते पसरतं, आधी भरपूर पाणी मारायचं. जपानी गाड्यांच्या टाकीच्या झाकणाचे स्क्रू जेआयएस खाचेचे असतात. साधा फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर त्यात नीट बसत नाही आणि डोकं खरवडतं. घट्ट बसलेला स्क्रू आधी ड्रायव्हरच्या मुठीवर हलका ठोका मारून मोकळा करावा.

हँडल वळवून टाकी सपाट करा, भोवती ओल्या चिंध्या गुंडाळा. झाकण आणि पडदा काढा, सिरिंजने जुनं फ्लुइड बरंचसं ओढून घ्या, तळाचा गाळ स्वच्छ, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा. तळाची छिद्रं मात्र फ्लुइडखालीच राहिली पाहिजेत, नाहीतर मास्टर सिलिंडरमध्ये हवा शिरते. मग वरच्या खुणेपर्यंत नवं भरा आणि झाकण नुसतं वर ठेवा. हे ठेवणं महत्त्वाचं: झाकण उघडं असताना लिव्हर झटक्यात दाबला तर त्या बारीक छिद्रातून फ्लुइडची चिळकांडी थेट वर उडते, आणि वर बहुधा तुमचा चेहरा असतो. चष्मा लावून काम करावं.

निपलवर आधी रिंग पाना, मग नळी. नळीचं दुसरं टोक बाटलीतल्या थोड्या फ्लुइडमध्ये बुडालेलं हवं. लिव्हर दोन-तीनदा सावकाश दाबून धरून ठेवा, निपल पाव वळसा उघडा, लिव्हर आत जाईल, तो दाबलेलाच असताना निपल बंद करा आणि मगच सोडा. क्रम उलटला तर हवा परत आत ओढली जाते. जुन्या गाडीत लिव्हर पूर्ण हँडलला टेकवू नका, मधे एखादा लाकडाचा तुकडा ठेवा. मास्टर सिलिंडरचा जो टोकाचा भाग एरवी वापरात नसतो तिथे गंज असतो आणि सीलची कड त्यावरून गेली की फाटते. फ्लुइड बदलल्यावर ब्रेक हळूहळू खाली बसायला लागला अशी तक्रार येते, तिचं मूळ बऱ्याचदा इथे असतं.

टाकी दर पाच-सहा दाबांनी पाहायची. ती रिकामी झाली की सगळं पहिल्यापासून. आरबीएफ ६०० स्वतःच पिवळसर असल्यामुळे जुनं संपून नवं कधी आलं हे नळीत चटकन कळत नाही. अशा वेळी डोळ्यापेक्षा मापावर भर द्यावा: वर दिलेल्या प्रमाणाइतकं बाहेर आलं की पुरे. निपल आवळताना जोर नको, बहुतेक जपानी गाड्यांवर ५ ते ८ न्यूटन-मीटर एवढंच असतं. रबरी टोपी परत बसवायला विसरू नका, नाहीतर पुढच्या वेळी निपल गंजून अडकलेला मिळेल.

हाताचा व्हॅक्युम पंप वापरणाऱ्यांना बुडबुडे संपतच नाहीत असं वाटतं. निपल सैल केला की त्याच्या आट्यांतूनच बाहेरची हवा नळीत ओढली जाते. ती ब्रेकमधली हवा नसते. पंपाने बहुतांश फ्लुइड काढावं आणि शेवटचे दाब हातानेच द्यावेत. एवढं करूनही लिव्हर मऊ असेल तर मास्टर सिलिंडरच्या बँजो बोल्टपाशी (होस जोडणाऱ्या पोकळ बोल्टपाशी) हवा अडकलेली असण्याची शक्यता मोठी. तो भाग सर्वांत उंच असेल असं हँडल वळवून लिव्हर अगदी थोडा थोडा हलवावा, टाकीत बारीक बुडबुडे वर येताना दिसतात. मागच्या कॅलिपरचा निपल वर तोंड करून नसेल तर कॅलिपर उतरवून, पॅडमध्ये लाकडाची पट्टी घालून, निपल सर्वांत वर धरावा लागतो.

एबीएस असलेल्या गाडीत हीच पद्धत बहुधा चालते, पण मॉड्युलेटरच्या बंद झडपांमागचं थोडं जुनं फ्लुइड आतच राहतं. म्हणून मुदत पाळणं तिथे जास्त गरजेचं. पुढचे-मागचे ब्रेक जोडलेल्या गाड्यांत निपल उघडायचा क्रम ठरलेला असतो, तो पुस्तिकेतूनच घ्यावा.

मिसळण्याबाबत: आरबीएफ ६०० डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ यांच्यात मिसळतं. मिसळलं की मिळणारा आकडा अर्थातच मधला असतो, त्यामुळे टाकीत वरून थोडं आरबीएफ ओतून काही साधत नाही. डॉट ५ वेगळं, ते सिलिकॉनचं आणि जांभळं. त्यात हे घालायचं नाही. खनिज तेलावर चालणारे हायड्रॉलिक क्लचही असतात. तिथे ग्लायकॉल फ्लुइड गेलं की सील संपले, आणि ब्रेकमध्ये इंजिन ऑइलचा एक थेंब गेला तरी रबर फुगतं. झाकणावर जे कोरलेलं असतं तेच वापरा.

एक सवय मोडण्यासारखी आहे. पॅड झिजले की कॅलिपरमध्ये जास्त फ्लुइड जातं आणि टाकीतली पातळी उतरते. ती पाहून लोक वरून भरतात. मग नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलले की टाकी ओसंडते आणि पेट्रोलच्या टाकीचा रंग जातो. पातळी खालच्या खुणेजवळ आली तर आधी पॅड पाहा. पॅड जाड असूनही पातळी उतरत असेल तर कुठेतरी गळती आहे आणि गाडी तिथेच थांबवा.

तर घ्यावं कोणी? वर्षातून काही वेळा तरी ट्रॅकवर किंवा लांब उतारांवर भार घेऊन गाडी नेणाऱ्याने, आणि ती ट्रॅकवर नेणार असेल तर दर हंगामाआधी बदलायची तयारी ठेवून. अशा वापरात आरबीएफ ६०० ला तोड शोधायला बरंच फिरावं लागेल. बाकीच्यांनी नावाजलेल्या कंपनीचं साधं डॉट ४, मिळालं तर क्लास ६ चं, पाव लिटरच्या बाटलीत घ्यावं. कोणतीही बाटली घेताना टोपणाखालचं सील अखंड आहे का आणि उत्पादनाची तारीख किती जुनी आहे हे दुकानातच पाहावं. काम झाल्यावर पहिल्या फेरीआधी उभ्या गाडीवर लिव्हर जोरात दाबून अर्धा मिनिट धरा, निपल आणि बँजोभोवती कोरडं कापड फिरवा. डिस्कवर थेंब उडाला असेल तर ब्रेक क्लीनरने पुसा. पॅडमध्ये मुरला असेल तर पॅड बदला, जाळून किंवा घासून ते पहिल्यासारखे होत नाहीत. काढलेलं फ्लुइड गटारात किंवा मातीत न ओतता बंद बाटलीत, जुनं इंजिन ऑइल स्वीकारणाऱ्या वर्कशॉपला द्या, पण ऑइलमध्ये मिसळून नव्हे, वेगळं.